त्रिफळ्यातला तिसरा स्टंप

मराठीत फलंदाजाचा त्रिफळा उडतो. रेडिओला कान लावून मराठी समालोचन ऐकलेल्या पिढ्यांच्या तोंडात हा शब्द इतका बसला आहे, की त्यातल्या ‘त्रि’कडे कुणाचं लक्षही जात नाही. तीन स्टंप, म्हणून त्रिफळा. पण १७४४ साली क्रिकेटचे नियम पहिल्यांदा लिहून काढले गेले, तेव्हा त्यात स्टंप दोनच होते. दोन काठ्या आणि त्यांच्यावर एक आडवी बेल. मधली तिसरी काठी आली ती त्यानंतर तीसेक वर्षांनी. ती यायला कारण झाला इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या बागेत काम करणारा माळी.

त्याचं नाव एडवर्ड स्टीव्हन्स. सगळे त्याला लम्पी म्हणत, इतके की जुन्या धावफलकांवरही नुसतं ‘लम्पी’ लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे हल्ली हा शब्द गुरांच्या रोगामुळे माहीत झाला आहे, पण मूळ अर्थ साधा आहे: लम्प म्हणजे गोळा, ढेकूळ. माणूस बुटका, अंगाने भरलेला, खांद्यात गोल वाकलेला. त्यावरून हे नाव पडलं असं एक मत. दुसरी गोष्ट अशी, की एका जेवणावळीत त्याने अख्खा ‘ॲपल पाय’, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, एकट्याने संपवला, तेव्हापासून तो लम्पी झाला. नाव कशावरूनही पडलेलं असो, त्याच्याबरोबरच्या लोकांनी त्याच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे. हा माणूस व्यवहारात सरळ होता, पोटात एक ओठात एक असं त्याच्याकडे नव्हतं. त्याचे चेंडूही तसेच सरळ यायचे आणि सगळी अडचण त्या सरळपणातूनच उभी राहिली.

लम्पीचा जन्म साधारण १७३५ चा, सरे कौंटीतल्या सेंड गावचा. तो चर्टसी क्लबकडून आणि सरेकडून खेळायचा. मोठ्या सामन्यांचे धावफलक जरा नियमितपणे मिळू लागतात ते १७७२ पासून. तेव्हा लम्पी सदतिशीचा होता, म्हणजे त्याच्या ऐन उमेदीतला खेळ कागदावर जवळजवळ नाहीच. आपल्याला दिसतो तो पस्तिशी ओलांडलेला लम्पी, आणि तरीही त्या काळातला सगळ्यात अचूक गोलंदाज म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. १७८९ पर्यंत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत, तो मोठे सामने खेळत होता.

लम्पीने काय केलं हे कळायचं, तर तेव्हाचं क्रिकेट डोळ्यांसमोर आणावं लागेल. आजच्या क्रिकेटवरून त्याचा अंदाज येत नाही. आपलं गल्लीतलं क्रिकेट त्याच्या जास्त जवळचं आहे. हात खांद्यावरून फिरवून चेंडू टाकायला परवानगी मिळाली ती थेट १८६४ साली. लम्पीच्या काळात प्रत्येक चेंडू खालून, कमरेच्या खालच्या हाताने टाकला जायचा. षटक चार चेंडूंचं. पायाला पॅड नाहीत, हातात ग्लोव्हज नाहीत. धावांची नोंद ठेवणारा माणूस हातात एक काठी घेऊन बसायचा आणि प्रत्येक धावेला चाकूने तिच्यावर एक खाच पाडायचा. धावेला शब्दच ‘खाच’ असा होता: अमक्याने इतक्या खाचा काढल्या.

त्याच्याही आधीच्या काळात चेंडू नुसता घरंगळत सोडत. गल्लीत आपण ज्याला सरपटी म्हणतो आणि ज्यावरून हमखास भांडण होतं, तसा. सगळेच चेंडू सरपटी असतील तर बॅट कशी हवी? हॉकीच्या स्टिकसारखी, खाली वाकलेली. जमिनीलगत येणारा चेंडू तिने झाडू मारल्यासारखा फटकावता येतो. त्या काळच्या चित्रांत बॅट अशीच वाकडी दिसते.

मग १७६० च्या आसपास गोलंदाजांनी चेंडू हवेतून टाकून फलंदाजाच्या पुढ्यात टप्पा पाडायला सुरुवात केली. ऐकायला ही बारीकशी गोष्ट वाटते, पण माझ्या मते क्रिकेटच्या इतिहासात याच्याएवढा मोठा बदल दुसरा झालेला नाही. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूचा मार्ग फलंदाजाला आधीपासून दिसत असतो. टप्पा पडणाऱ्या चेंडूचं खरं रूप टप्पा पडल्यावर कळतं. तो उसळेल, खाली बसेल, आत येईल की बाहेर जाईल, हे ठरायला आणि फलंदाजाने ते ओळखायला क्षणभरच मिळतो. हा टप्पा नेमका कुठे पाडायचा, याचं ज्ञान म्हणजे गोलंदाजी. लम्पी त्या ज्ञानातला पहिल्या फळीचा माणूस होता. पाहिजे त्या जागी, पाहिजे तितक्या वेळा, तो टप्पा पाडू शकायचा.

वाकडी बॅट अशा चेंडूपुढे निकामी झाली. उसळून येणारा चेंडू अडवायला बॅट वरपासून खालपर्यंत सरळ आणि सपाट लागते, आणि ती आडवी फिरवून चालत नाही, उभी धरावी लागते. ही सरळ बॅट आणि सरळ बॅटने खेळण्याची रीत रुळवणाऱ्यांत एक नाव नेहमी घेतलं जातं: जॉन स्मॉल.

स्मॉल हॅम्पशायरमधल्या पीटर्सफील्डचा. आधी जोडे शिवायचा, पुढे बॅट आणि चेंडू बनवायचा धंदा करू लागला. चामडं कापणं, टाचणं, सुतळीने आवळणं हे हाताला ठाऊक असलेल्या माणसाला चेंडू शिवणं काही अवघड नव्हतं. तो व्हायोलिनही उत्तम वाजवायचा. ड्यूक ऑफ डॉर्सेटने खूश होऊन त्याला एक व्हायोलिन भेट पाठवलं, तेव्हा स्मॉलने उलट टपाली स्वतः बनवलेल्या बॅटी आणि चेंडू ड्यूकला पाठवून दिले. मला ही देवाणघेवाण फार आवडते. ड्यूकची भेट घेऊन कारागीर गप्प बसला नाही, आपल्या हातची वस्तू देऊन त्याने परतफेड केली.

स्मॉल खेळायचा हॅम्बल्डन क्लबकडून. हॅम्बल्डन हे हॅम्पशायरमधलं एक खेडं. गावाबाहेर टेकाडावर ब्रॉडहाफपेनी डाउन नावाचं मैदान, मैदानासमोर खाणावळ, आणि खाणावळीचा मालक रिचर्ड नायरेन हाच संघाचा कर्णधार. १७७० च्या दशकात या खेडेगावचा संघ इंग्लंडच्या निवडक संघाला हरवायचा. लम्पी आणि हॅम्बल्डनबद्दल आपल्याला जे काही जिवंत तपशील माहीत आहेत, त्यातले बरेचसे रिचर्डचा मुलगा जॉन नायरेन याच्या आठवणींमुळे. त्या १८३३ साली छापल्या गेल्या.

तेव्हाचे नियम पुस्तकात बसून बनत नव्हते, मैदानावरच्या भांडणातून बनत होते. २३ सप्टेंबर १७७१ ला चर्टसी आणि हॅम्बल्डन यांचा सामना लागला. चर्टसीकडून व्हाइट नावाचा फलंदाज उतरला, तो हातात जवळजवळ स्टंपांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन. बॅटच्या रुंदीला तोवर काही मर्यादाच नव्हती, त्यामुळे नियमाने त्याला अडवता येईना. दोनच दिवसांनी हॅम्बल्डनवाल्यांनी कागदावर ठराव लिहिला, की बॅटची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा जास्त नसावी. खाली तीन सह्या: रिचर्ड नायरेन, गोलंदाज थॉमस ब्रेट आणि जॉन स्मॉल. सव्वाचार इंचांची ती मर्यादा आजही जशीच्या तशी आहे. दुकानातून आणलेली कुठलीही बॅट मोजून पाहा.

फेब्रुवारी १७७४ मध्ये लंडनच्या पॉल मॉल भागात स्टार अँड गार्टर नावाच्या ठिकाणी सरदार आणि प्रतिष्ठित मंडळींची समिती बसली आणि नियम नव्याने लिहिले गेले. सव्वाचार इंच त्यात आले. पायचीतचा नियम पहिल्यांदा आला. चेंडूचं वजन साडेपाच ते पावणेसहा औंस ठरलं, ते आजही तेच आहे. स्टंप मात्र दोनच राहिले. उंची २२ इंच आणि वरची बेल ६ इंच.

हा ६ इंचांचा आकडा मनात धरून ठेवायला हवा, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. शाळेच्या कंपासपेटीत जी छोटी पट्टी असते, ती ६ इंचांचीच. ती टेबलावर आडवी ठेवा. विकेटची रुंदी एवढीच होती, आजच्या ९ इंचांच्या दोन तृतीयांश. तिच्या दोन्ही टोकांना साधारण इंचभर जाडीची एकेक काठी धरली, तर मध्ये चारेक इंच मोकळी जागा राहते. क्रिकेटचा चेंडू पावणेतीन ते तीन इंचांच्या मधला. म्हणजे चेंडू अगदी मधोमध आला तर दोन्ही काठ्यांना न शिवता, बेलला न हलवता, खिडकीतून मांजर जावं तसा आरामात पार होतो.

लहानपणी आम्ही दोन चपला ठेवून खेळायचो, तेव्हा चपलांच्या मधून चेंडू गेला की आउट. त्यावर वाद नसायचा, कारण पाडायला वर बेलच नव्हती. पण नियम म्हणत होता की बेल पडली तरच आउट. त्यामुळे दोन स्टंपांच्या खेळात गोलंदाज जितका अचूक, तितका त्याचा तोटा. ऑफच्या किंवा लेगच्या काठीवर येणारा, जरा चुकलेला चेंडू विकेट घ्यायचा. काळजाचा ठाव घेणारा, अगदी मधला चेंडू वाया जायचा. साधा गोलंदाज मधोमध क्वचितच टाकतो, म्हणून हे छिद्र कुणाला फारसं टोचत नव्हतं. ते उघडं पाडायला असा माणूस लागणार होता, जो पुन्हा पुन्हा मधोमधच टाकतो.

२२ मे १७७५. लंडनचं आर्टिलरी ग्राउंड. हे मैदान आजही जागेवर आहे, शहराच्या गर्दीत चारी बाजूंनी उंच इमारतींनी वेढलेलं. सामना होता एका विकेटचा, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. एका बाजूला हॅम्बल्डनचे पाच, दुसऱ्या बाजूला केंटचे पाच. लम्पी खरं तर सरेचा, पण या सामन्यापुरता केंटकडून उसना घेतलेला. तेव्हा असे उसने खेळाडू घेणं राजरोस चालायचं. एका विकेटच्या सामन्यात एका वेळी एकच फलंदाज खेळतो आणि एका धावेसाठी त्याला गोलंदाजाच्या टोकापर्यंत पळत जाऊन परत यावं लागतं. धावा हळूहळू जमतात आणि एकेक धाव घामाची असते.

हॅम्बल्डनचा शेवटचा गडी आत आला, जॉन स्मॉल. जिंकायला १४ धावा हव्या होत्या. समोर चेंडू लम्पीच्या हातात. आता पैजांचा विचार करा. असे सामने पैशासाठीच खेळले जात, आणि मैदानाभोवतीही बोली लागलेल्या असत. स्मॉलची बेल एकदा पडली की सगळं संपलं.

लम्पीने स्मॉलला चकवलं. चेंडू बॅटला चुकवून सरळ स्टंपांच्या मधून गेला आणि बेल जागची हलली नाही. पुढे पुन्हा तेच झालं. आणि मग तिसऱ्यांदाही. त्या डावात तीन वेळा इंग्लंडमधल्या सर्वोत्तम फलंदाजाला त्याने पूर्ण हरवलं, आणि तिन्ही वेळा नियमाच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. स्मॉलने १४ धावा काढल्या. हॅम्बल्डन एका गड्याने जिंकलं.

मला या प्रसंगात सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पाहणाऱ्यांना, त्यात जिंकलेले हॅम्बल्डनवालेही आले, वाटलं की हा गोलंदाजावर अन्याय झाला. त्याचे सगळ्यात सरळ चेंडू असे फुकट जाऊ नयेत. त्यातून तिसरा स्टंप मधोमध रोवायचं ठरलं. त्याच कंपासपेटीच्या पट्टीवर आता मध्ये इंचभराची तिसरी काठी धरा. दोन्हीकडे दीड-दीड इंचाची फट उरते आणि चेंडू कुठूनही जाऊ शकत नाही. पुढे एमसीसीच्या (लंडनच्या मॅरिलबोन क्रिकेट क्लबच्या) नियमांत हे वाक्यच आलं, की मधून चेंडू जाणार नाही इतके स्टंप जाड असावेत. त्या वाक्याच्या मागे ते तीन चेंडू आहेत.

बदल एका रात्रीत सगळीकडे पसरला असं मात्र नाही. तेव्हा आजच्यासारखं एकच मंडळ नव्हतं, की परिपत्रक काढलं आणि सगळ्यांनी मानलं. काही वर्षं कुठे दोन, कुठे तीन असंच चालत राहिलं.

तिसऱ्या स्टंपाला विरोधही झाला, आणि त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. फलंदाज पटापट बाद होतील आणि सामने लवकर आटोपतील, अशी भीती लोकांना वाटत होती. नायरेनच्या आठवणींत याला दिलेलं उत्तर नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा, की सामने लहान होणार नाहीत. एक सरळ चेंडू चुकला की संपलो हे कळल्यावर फलंदाज दुप्पट काळजी घेईल आणि आडवेतिडवे फटके मारणाराही चेंडू अडवायला शिकेल.

आणि झालं तसंच. त्याच वर्षी, १७७५ च्या जुलैत, स्मॉलने ब्रॉडहाफपेनीवर सरेविरुद्ध १३६ धावा काढल्या. मोठ्या सामन्यांतली ही अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या शतकांपैकी एक. त्याहून मोठा प्रसंग दोन वर्षांनी आला. जून १७७७, केंटमधल्या सेव्हनोक्सचं व्हाइन मैदान, हॅम्बल्डन विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडचा पहिला डाव १६६ वर संपला. मग हॅम्बल्डनचा जेम्स आयलवर्ड बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला खेळायला आला, तो शुक्रवारी दुपारी तीननंतर बाद झाला. धावा १६७. एकट्या माणसाने समोरच्या अख्ख्या संघापेक्षा एक धाव जास्त काढली होती. हॅम्बल्डनच्या ४०३ झाल्या आणि त्यांनी डावाने सामना जिंकला. आयलवर्डचा तो उच्चांक १८२० पर्यंत टिकला. त्या वर्षी विल्यम वॉर्डने लॉर्ड्सवर २७८ काढले तेव्हा तो मोडला.

या सामन्याचा धावफलक माझ्या आवडीचा आहे. इंग्लंडच्या बाजूने लम्पी आहे, आणि ड्यूक ऑफ डॉर्सेटही आहे. हॅम्बल्डनच्या बाजूने अर्ल ऑफ टँकरव्हिल आहे. लम्पी ज्याच्या बागेत काम करायचा, तोच हा अर्ल. मालक एका संघात, माळी दुसऱ्या. अर्लसाहेबांना वुड नावाच्या गोलंदाजाने ३ धावांवर त्रिफळाचीत केलं. लम्पीने दोघांच्या बेल पाडल्या, त्यातला एक खुद्द रिचर्ड नायरेन. आणि स्मॉलच्या नावासमोर लिहिलं आहे: झेल व्हाइट, ३३. बस्स. चेंडू कुणी टाकला होता, ते लिहिलेलं नाही.

तेव्हाची रीतच तशी होती. झेल गेला तर झेल घेणाऱ्याचं नाव लिहीत, गोलंदाजाचं नाही. गोलंदाजाच्या खात्यात फक्त बेल पाडलेले बळी जमा होत. म्हणून लम्पीने एकूण किती बळी घेतले, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. त्याच्या चेंडूंवर उडालेले सगळे झेल दुसऱ्यांच्या नावावर आहेत.

ही रीत लक्षात घेतली, की लम्पीच्या एका सवयीकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. खेळपट्टी तेव्हा तयार केलेली नसायची. मोकळ्या माळावर, मेंढ्या चरतात तशा गवतावर, सामन्याच्या दिवशी सकाळी स्टंप रोवत. १७७४ च्या नियमांनी पाहुण्या संघाला अधिकार दिला होता, की यजमानांनी ठरवलेल्या मध्यबिंदूपासून ३० यार्डांच्या आत कुठेही विकेट लावा. मग अनुभवी गोलंदाज सकाळी लवकर मैदानात फिरायचा, पायाने जमीन चाचपायचा आणि आपल्याला हवी ती जागा निवडायचा. लम्पीला हवा असायचा छोटासा उंचवटा, ज्याच्या पलीकडे जमीन उतरत जाते. त्यावरून टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर उसळत नाही, खाली बसतो आणि सरपटत आत घुसतो. अशा चेंडूने बेल पाडली, की त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नसे. त्याच्या या हट्टावर लोकांनी दोन ओळींचं गाणंही जुळवलं होतं, की प्रामाणिक लम्पी उंचवट्यावाचून चेंडूच टाकायचा नाही.

हॅम्बल्डनचा पुढच्या पिढीतला मोठा गोलंदाज डेव्हिड हॅरिस बरोबर उलट करायचा. तो चढाची जागा निवडायचा, म्हणजे चेंडू उसळून बोटांवर येईल आणि झेल उडेल. नायरेनने दोघांची तुलना केली आहे आणि हॅरिसची रीत श्रेष्ठ ठरवली आहे: उसळणारा चेंडू फलंदाजाला जास्त अडचणीत टाकतो, लम्पी उतार निवडून स्वतःचंच नुकसान करायचा. संघाच्या दृष्टीने पाहिलं तर नायरेनचं बरोबर आहे, आणि पुढचं क्रिकेट हॅरिसच्या वाटेनेच गेलं. पण मला लम्पीची बाजू मांडाविशी वाटते. उसळलेल्या चेंडूवर झेल उडाला तर कागदावर झेल घेणाऱ्याचं नाव जाणार. खाली बसलेल्या चेंडूने बेल पडली तर ती विकेट लम्पीची, तिच्यात कुणाचा वाटा नाही. ज्याचं पोट मालकाच्या मर्जीवर आणि आपल्या नावावर चालतं, त्याने अशी जागा निवडली तर त्याला हट्टी कसं म्हणायचं?

पोटाचा हा भाग नीट समजून घेतल्याशिवाय त्या काळचं क्रिकेट कळत नाही. सरदारांना क्रिकेटचं वेड होतं आणि पैजांचं त्याहून जास्त. जिंकायचं तर चांगले खेळाडू हाताशी हवेत, म्हणून ते खेळाडूंना नोकरीला ठेवत. पगार माळीकामाचा किंवा शिकारखान्याच्या देखरेखीचा, पण खरी गरज मैदानावर. टँकरव्हिलकडे लम्पी माळी होता आणि विल्यम बेडस्टर नावाचा दुसरा खेळाडू घरातला बटलर. ड्यूक ऑफ डॉर्सेटने जॉन मिन्शल या फलंदाजाला माळी म्हणून ठेवलं होतं, आठवड्याला ८ शिलिंगांवर (२० शिलिंग म्हणजे एक पौंड). १६७ धावा काढणाऱ्या आयलवर्डला केंटच्या सर होरॅशिओ मॅनने आपल्याकडे ओढलं आणि जमिनीचा कारभारी नेमलं. कारभारी म्हणून तो यथातथाच होता, पण नेमणूक कारभारासाठी झालीच नव्हती.

पैजांचा आकार कळावा म्हणून एक गोष्ट सांगतो. टँकरव्हिलने एकदा १०० पौंडांची पैज लावली, की खेळपट्टीवर ठेवलेल्या पिसावर माझा माळी चेंडूचा टप्पा पाडून दाखवेल. लम्पीने पिसावर टप्पा पाडला आणि अर्लने १०० पौंड खिशात घातले. मिन्शलच्या ८ शिलिंगांनी हिशेब केला, तर माळ्याचा वर्षाचा पगार २१ पौंडांच्या आत बसतो. लम्पीच्या हातून सुटलेल्या एका चेंडूवर जवळजवळ पाच वर्षांचा पगार लागला होता, आणि तो पैसा त्याचा नव्हता. त्याचा हात थरथरला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

गोलंदाजी हे राबणाऱ्याचं काम आणि फलंदाजी ही बड्यांची हौस, ही वाटणी इंग्रज जिथे गेले तिथे क्रिकेटबरोबर गेली. पुण्यातही आली. १८९० च्या दशकात पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखणारा एक तरुण पोरगा साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायचा. बॅट त्याच्या हातात क्वचितच पडायची. तो पालवणकर बाळू, पुढे नावाजलेला दलित गोलंदाज. जातीची जी भिंत बाळूला ओलांडावी लागली, तिची तुलना लम्पीच्या परिस्थितीशी होऊच शकत नाही, आणि मी ती करतही नाही. पण क्लबाच्या नोकराने मालकलोकांना चेंडू टाकता टाकता त्या विद्येत त्यांच्या पुढे निघून जावं, ही गोष्ट सरेमधल्या माळ्यापासून पुण्याच्या मैदानापर्यंत एकाच धाग्याची आहे.

१७८९ मध्ये लम्पीने मोठे सामने खेळणं थांबवलं. तोवर खेळाचं केंद्र हॅम्बल्डनच्या टेकाडावरून लंडनकडे सरकलं होतं. १७८७ साली थॉमस लॉर्डचं पहिलं मैदान आणि एमसीसी दोन्ही सुरू झाले होते. लम्पी थेम्सकाठच्या वॉल्टनलाच राहिला आणि तिथेच ७ सप्टेंबर १८१९ रोजी, चौऱ्याऐंशीच्या घरात असताना, वारला. ज्याला त्याने तीनदा चकवलं तो स्मॉल आणखी सात वर्षं जगला. पीटर्सफील्डमधल्या त्याच्या घरावर पाटी असायची: इथे जॉन स्मॉल राहतो, बॅट आणि चेंडू बनवतो, आणि इंग्लंडमधल्या कुठल्याही माणसाशी खेळायला तयार आहे.

लम्पीचं एक चित्र केंटमधल्या नोल इथे आहे. नोल म्हणजे ड्यूक ऑफ डॉर्सेटचा वाडा. सॅकव्हिल घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरदारांची आणि त्यांच्या बायकामुलांची चित्रं असलेल्या त्या वाड्यात, दुसऱ्याच सरदाराच्या बागेत काम करणारा हा बुटका माळीही आहे.